पाण्यात कालवलेला हिरवा

रोडेनफेल्स, २ सप्टेंबर १७६८

छोट्या सरकार,

टक्, टक्, टक्. आज सकाळी खाली बग्गीखान्यात कुणी चाकाला खिळा ठोकत होतं, आणि मी अर्धवट झोपेत म्हणालो, "छोट्या सरकार, पाय." मग डोळे उघडले. खोलीत मी एकटाच होतो आणि पलीकडे चुलीपाशी माझी बायको उर्सेल दूध तापवत होती. "कुणाचा पाय?" म्हणून तिने विचारलं. आमच्या घरात स्वप्नालाही जाब द्यावा लागतो.

माझ्यासमोर चित्रासाठी बसायच्या चौथऱ्यावर तुमची टाच अशीच वाजायची. तुम्ही सहा वर्षांच्या होतात. निळा रेशमी झगा, गळ्यात आजीसाहेबांचे मोती, चेहरा असा शांत की पाहणाऱ्याने हात जोडावेत. आणि झग्याच्या आत ती टाच टक्, टक्, टक्. चौथरा आतून पोकळ, त्यामुळे ढोलासारखा घुमायचा. मी म्हणायचो, "पाय." तुम्ही विचारायचात, "कोणता?"

ही खोड तुमच्यात कुठून आली, ते मला कधी उमगलं नाही. आईसाहेब एकदा बसल्या की संगमरवर. ड्यूकसरकारांनी तर आयुष्यात मला चेहऱ्यासाठी एकच बैठक दिली, तीही तबेल्याच्या अंगणात, घोड्यावरून. "उतरायला वेळ नाही, काढ." काढला. पुढची सगळी वर्षं मी तोच चेहरा थोडाथोडा पिकवत आलो. झालर, पट्टा, बिल्ले हे सारं लाकडी पुतळ्याला चढवायचं आणि वर तो चेहरा ठेवायचा. पुतळा उत्तम बसतो. त्याला सर्दी होत नाही, आणि तो "झालं का?" असंही विचारत नाही.

आता मुद्द्याचं. दिवाणखान्यातल्या कुटुंबाच्या मोठ्या चित्रातून मी तुम्हाला झाकलं. हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

ते चित्र तुम्हाला पाठच आहे. कुणी जन्मलं की मी आणखी एक पाळणा काढला. थोरल्या युवराजांना पदक मिळालं, ते मी छातीवर चिकटवलं. धाकटे बाळराजे चार दिवसांचे होऊन गेले, त्यांना ढगात बसवलं. त्या कॅनव्हासवर माझे इतके थर आहेत की एखाद्या कोपऱ्यात मीही सापडेन. वसंतात हुकूम आला: राजकन्या लुडोविका यांनी ठरलेलं लग्न मोडून दरबारच्या शिकारी शिंगवाल्याशी लग्न केलं, सबब त्यांची आकृती काढून टाकावी. हुकूम घेऊन दरबारप्रमुख क्रोत्साऊसाहेब स्वतः आले.

"मास्तर, इथं फुलांची कुंडी काढा."

"साहेब, सरकारांच्या खुर्चीला टेकून कुंडी? लोक विचारतील, ही कोणत्या घराण्यातली?"

"मग कारंजं काढा."

"घरात?"

शेवटी हिरव्या मखमली पडद्यावर मिटलं. पडदा मी असा काढलाय की क्रोत्साऊसाहेबांनी घडीत बोट घालायला हात पुढे केला आणि मग लाजून नाक खाजवलं. सत्तरी उलटली तरी मखमल अजून माझंच ऐकते. साहेबांची तक्रार एवढीच की दिवाणखान्यात दोन दिवस लसणाचा वास येत होता. मी म्हटलं, जेवणात होता. आणि उर्सेलला एवढ्या अंड्यांचे पिवळे बलक उरले की आम्ही आठवडाभर पिवळंच खात होतो.

तुम्हाला एक गंमत आठवते का? बिशपमहाराजांचं चित्र वाळत ठेवलं होतं आणि तुम्ही त्यांना भरघोस मिशा काढल्या होत्यात. दुपारच्या जेवणाआधी तुम्ही त्या कशा गायब केल्यात, तेही आठवत असेल. मला ती दुपार फार आठवते.

किलियानना आणि त्यांच्या शिंगाला नमस्कार. हे पत्र वाटेत उघडून वाचण्याचे कष्ट घेणाऱ्या दरबारी साहेबांनाही नमस्कार. त्यांनी कृपया पुन्हा नीट चिकटवावं. मागच्या वेळी कोपरा उघडा राहिला होता.

आपला,
आन्सेल्म रेबाइन

---

रोडेनफेल्स, २९ सप्टेंबर

छोट्या सरकार,

उत्तर पोचलं. "तुम्हीसुद्धा, मास्तर!" एवढंच. ना तारीख, ना सही. उद्गारचिन्ह मात्र असं दाबून काढलंय की कागद फाटलाय. हाताचा जोर कायम आहे, हे पाहून बरं वाटलं. मी दिलेले धडे फुकट गेले नाहीत.

रागवा. मी रागाला भीत नाही. आमच्या शाळेत एक पाद्रीमास्तर होते, छडीच्या तालावर कविता म्हणून घ्यायचे. चाळीस पोरं एका सुरात ओरडायची, अर्थ एकालाही कळायचा नाही. कवी कोण, ते विसरलो; छडी आठवते, आणि या ओळी आठवतात:

उडून गेली पाखरे तरी घरटे ना हलते,
वळचणीखाली वाट पाहणे एवढे त्यास कळते.

तेव्हा वाटायचं, घरट्याला कसलं आलंय कळणं! आता ती ओळ पायऱ्या चढताना आपोआप तोंडात येते, आणि उर्सेल म्हणते, "पुटपुटू नका, पाय घसरेल." ती कवितेलाही गुडघ्याचं दुखणं समजते.

इथली खबर. थोरल्या युवराजांचं लग्न अकरा नोव्हेंबरच्या मार्टिनच्या सणानंतर ठरलंय. दिवाणखाना उजळायचं चाललंय. क्रोत्साऊसाहेबांनी ड्रेस्डेनहून माणूस बोलावलाय. तो सणाच्या दिवशी येऊन सगळ्या चित्रांवर नवं रोगण चढवणार. साहेब म्हणाले, "मास्तर, या रोगणाने तुमचा पडदा शंभर वर्षं जसाच्या तसा राहील." मी म्हटलं, "शंभर वर्षं म्हणजे फारच झालं, साहेब." त्यांना वाटलं मी विनयाने बोललो.

पडद्याबद्दल एक छोटी कटकट आहे. खालच्या बाजूला, सरकारांच्या खुर्चीच्या पाठीपाशी, एका घडीचा रंग फिका पडतो. दोनदा भरला, दोनदा पुन्हा फिका. जागा तळहाताएवढी. पुसणाऱ्या पोऱ्यावर मी ओरडलो, "ओलं फडकं चित्राला लावतोस काय रे?" तो बिचारा रडायला लागला. म्हणाला, "देवाशपथ, मी शिडीच्या खाली झाडतो फक्त." बहुधा भिंत पाझरत असावी. यंदा पाऊस थांबायचं नाव घेत नाही. सरकार तरीही रोज सकाळी घोडा काढतात आणि चिंब भिजून, बूट-हातमोज्यांसकट, दिवाणखान्यातूनच आत जातात. नोकर म्हणतात, आधी मागच्या जिन्याने जायचे. लहर, दुसरं काय.

ते तुमचं नाव घेत नाहीत. खोटा दिलासा मी देणार नाही. जेवणाच्या वेळी पूर्वी शिंगं वाजायची, ती बंद झाली. आता सगळे काट्याचमच्यांचा आवाज ऐकत जेवतात.

तुमच्या पडद्याआडच्या बाजूला, म्हणजे पूर्वी जिथं तुम्ही उभ्या होतात तिथं, डावा हात सरकारांच्या खुर्चीच्या पाठीवर टेकलेला होता, आठवतं? ती बोटं काढायला मला आख्खा आठवडा लागला होता, कारण तुम्ही प्रत्येक बैठकीला वेगळ्या बोटात अंगठी घालून यायचात. शेवटी किलियानला बोलावलं. तो खिडकीपाशी बसून शिंगाच्या तोंडात हात घालून हळू वाजवू लागला, आणि टाच थांबली. बोटंही थांबली. मला त्या वेळी फक्त बोटं दिसली. मागाहून लोक म्हणाले, मास्तरांनीच हे लग्न जमवलं. मी नाकारत नाही. माझ्या हातून झालेल्या कामांत ते बरं उतरलेलं आहे.

लसूण आणि अंड्यांबद्दल मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. पुन्हा वाचा. मिशांबद्दलही.

आपला,
आ. रेबाइन

---

रोडेनफेल्स, १२ ऑक्टोबर

छोट्या सरकार,

हे पत्र दरबारच्या टपालाने येत नाही. उर्सेलचा मेहुणा मिठाच्या गाड्या घेऊन तुमच्या हॅम्बर्गकडे निघालाय, त्याच्या बुटात घालून पाठवतोय. वासाबद्दल माफ करा. आता आडपडद्याशिवाय लिहितो. (हा शब्द आपोआप आला. हसा.)

तुम्ही त्या पडद्याखाली आहात. तशाच, अंगठीसकट.

पडदा तेलात कालवलेला नाही. तो पाण्यातला आहे, डिंकाचा. जुन्या रोगणावर पाण्याचा रंग धरत नाही, थेंब होऊन पळतो. म्हणून आधी लसणाचा रस चोळला. वरून चमक यावी म्हणून अंड्याचा पांढरा बलक फेटून दोन हात फिरवले. दुरून पाहिलं तर कोणीही तेल म्हणेल, जवळून पाहिलं तर क्रोत्साऊसाहेब तेल म्हणतील. ओला स्पंज घेतला की पडदा खाली बादलीत येतो आणि तुम्ही वर राहता. बिशपमहाराजांच्या मिशा तुम्ही अशाच काढल्या होत्यात आणि अशाच धुतल्या होत्यात. मीच शिकवलं होतं तुम्हाला! नऊ वर्षांच्या पोरीला कळलं ते चोवीस वर्षांच्या बाईला कळू नये? पण राग डोळ्यांवर बसला की माणूस मिशाही विसरतो.

हुकूम होता आकृती काढून टाकण्याचा. मी सुरी घेऊन खरवडायला हवं होतं. माझ्या जागी दुसरा असता तर त्याने तसं केलं असतं आणि त्याच्यावर कोणी ठपका ठेवला नसता. पण सरकारांनी रागात दिलेला हुकूम मी पाण्यात पाळला. मला खात्री होती, आहेही, की एक दिवस ते विचारतील, "रेबाइन, ती कुठं गेली?" त्या दिवशी माझ्याकडे उत्तर हवं.

अडचण एकच आहे, आणि ती ड्रेस्डेनहून येतेय. त्या माणसाचं रोगण एकदा वर बसलं की पडदा पक्का होईल. मग तो उतरवायचा तर रोगणाला जाळणारं औषध लावावं लागेल, आणि ते औषध पडद्यापाशी थांबणार नाही, तुमच्या गालापर्यंत जाईल. म्हणजे मार्टिनच्या सणाआधी पडदा निघाला पाहिजे, नाहीतर तुम्ही खरोखरच गेलात.

मी चोरून धुणार नाही. चोरून धुतलं तर दुसऱ्या दिवशी क्रोत्साऊसाहेब दुसरा माणूस आणून तेलात झाकतील. सणाच्या आदल्या दिवशी सकाळी सरकार फिरून येतात तेव्हा मी शिडीवर असेन, बादलीसह. त्यांच्यासमोर धुणार. तुमचा चेहरा बाहेर आल्यावर त्यांनी म्हणावं, "झाक." एखादा बाप आपल्या डोळ्यांदेखत ते म्हणू शकतो का, हे मला पाहायचंय. म्हणाले तर मी हरलो, आणि हुकूम मोडला म्हणून किल्ल्यातल्या कोठडीत जाईन. तिथं उत्तरेचा उजेड आहे असं ऐकतो. चित्रकाराला उत्तरेचा उजेड मिळाला की बाकी तक्रार नाही.

उर्सेल म्हणते, "या वयात शिडी?" मी म्हटलं, "या वयात शिडीशिवाय काय?" ती गेले दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, फक्त भांड्यांशी बोलते.

तुम्ही वडिलांना लिहा, असं मी सांगणार नाही. तुम्ही दोघंही एकाच मातीचे. एक म्हणणार, त्याने आधी लिहावं. दुसरी म्हणणार, त्यांनी आधी विचारावं. मी फक्त रंगांचं बघतो.

पण मला मात्र लिहा. एवढ्यासाठी की शिडीवर चढताना तुम्ही माझ्यावर रागावलेल्या नसाव्यात. त्याने गुडघ्यांना हुशारी येते.

तुमचा मास्तर

---

रोडेनफेल्स, १० नोव्हेंबर, सकाळी

छोट्या सरकार,

मीठवाला काल संध्याकाळी आला. बुटातून घडी निघाली. एकही शब्द नाही. नुसतं एक चित्र. माझा चेहरा, आणि त्यावर बिशपमहाराजांच्या मिशा.

मी इतका हसलो की उर्सेल बोलायला लागली. "काय झालं?" "माफी झाली," मी म्हटलं. तिने चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. म्हणाली, "नाक फार मोठं काढलंय." मग बारीक आवाजात, "पण आहेच तसं." तुमची रेषा अजून सैल आहे, हनुवटीखाली तुम्ही सावली विसरलात. पण मिशा अव्वल. चित्र मी आरशात खोचलंय, आता दाढी करताना दोघांची करतो.

आज तो दिवस. उद्या सण, उद्याच ड्रेस्डेनचा माणूस. रात्री झोप छान लागली. सकाळी उठून निळा कोट काढला, तुमच्या पहिल्या बैठकीला घातला होता तो. बटणं लागत नाहीत, पण उघडा ठेवला तर शान येते. स्पंज भिजवून ठेवलाय. बादली उर्सेलने घासून लख्ख केली. म्हणते, किल्ल्यात नेलं तर निदान बादली तरी स्वच्छ दिसू दे. बाहेर पाऊस आहेच. सरकार अजून घोड्यावर असतील. ते परतायच्या आत मला शिडी लावायचीय. तोवर या चार ओळी लिहून मेहुण्याच्या हाती देतो, पुढे लिहायला मिळेल न मिळेल म्हणून.

त्या फिक्या घडीचं मात्र नवल वाटतं. काल पुन्हा पाहिली. आता नुसती फिकी नाही, तिथं आरपार दिसू लागलंय: खुर्चीची पाठ, आणि तुमच्या करंगळीचं टोक. मी भरलं नाही. आज सगळंच निघणार, तर भरायचं कशाला?

जिना चढून कुणीतरी आलं. थांबा.

—

हे पुढचं घाईघाईने लिहितोय, पण परवानगीने लिहितोय.

दारावर थाप पडली. सणाला भाजायचे हंस विकणाऱ्यांनी सकाळपासून आमचा जीव खाल्लाय, म्हणून उर्सेल आतूनच ओरडली, "आमचा हंस आलाय! पुढच्या दारी जा!"

बाहेरून आवाज आला, "मला हंस विकायचा नाही."

तिने दार उघडलं आणि तिच्या हातातला झारा खाली पडला.

दारात तुमचे वडील होते. एकटे. डोक्यावर टोप नाही, केस चिकटलेले, घोडेस्वारीचा कोट गळतोय. माझ्या खोलीत ड्यूकसरकार आजवर कधी आले नव्हते. ही खोली कुठल्या जिन्याने येते, हे त्यांना ठाऊक असेल असंही मला वाटलं नव्हतं. त्यांनी उजवा हात पुढे केला. पांढरा हातमोजा, ओला, आणि तळवा हिरवागार.

"रेबाइन, हे काय आहे?"

"हिरवा, सरकार."

"ते मलाही दिसतं. कशात कालवलायस?"

"पाण्यात, सरकार."

उर्सेल भिंतीला टेकली. मी निळ्या कोटाची बटणं लावायचा प्रयत्न केला, ती लागली नाहीत.

"मी रोज तिथं हात ठेवतो," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते, झाऱ्याकडे बघत होते. "तिचा हात तिथं होता. पडदा तर पडदा. ठेवायचो. हातमोजा रोज हिरवा व्हायचा, मला वाटलं तुझा रंग कच्चा आहे, म्हातारा झालास. आज बोटं दिसली. अंगठीसकट."

"रंग कच्चा आहेच, सरकार. मुद्दाम कच्चा आहे."

"क्रोत्साऊला ठाऊक आहे?"

"त्यांना फक्त लसूण ठाऊक आहे."

त्यांच्या मिशीत काहीतरी हाललं. मग तसेच गंभीर झाले. "मी रुमाल भिजवला. वर, चेहऱ्यापाशी नेला. पुढे धीर झाला नाही. पुसताना नाक गेलं तर?"

"नाक पक्कं आहे, सरकार. तेलातलं आहे."

"नक्की?"

"माझं जाईल, तिचं जाणार नाही."

"मग चल. मी शिडी धरतो." मी बादली उचलायला वाकलो, तेवढ्यात त्यांना टेबलावरचा हा कागद दिसला. शाई ओली होती. "कुणाला लिहितोयस?"

खोटं बोलण्यासाठी मला अजिबात वेळ नव्हता, आणि इच्छाही नव्हती. म्हटलं, "हॅम्बर्गला."

पावसाचं पाणी त्यांच्या कोटावरून आमच्या फरशीवर थेंबथेंब पडत होतं. आरशात तुम्ही काढलेल्या माझ्या मिशा त्यांना दिसल्या असाव्यात, कारण ते तिकडे बराच वेळ बघत राहिले.

"संपव," ते म्हणाले. "मी थांबतो."

म्हणून संपवतोय, छोट्या सरकार. उर्सेलने खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. दाराशी उभे आहेत, हात पाठीमागे, चेहरा एकदम शांत, घोड्यावर होता तसा. आणि खाली आमच्या पोकळ लाकडी उंबऱ्यावर त्यांची टाच वाजतेय. टक्, टक्, टक्.